नॉव्हू येथील जमीनधारणा व मालमत्ता हस्तांतरण

नॉव्हू हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हॅनकॉक काउंटीमध्ये मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेले शहर असून १८३९ ते १८४६ या काळात ते मॉर्मन पंथीयांचे मुख्य वसतिस्थान होते. मिसूरी राज्यातून हाकलून लावलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या शहरातील जवळजवळ सर्व जमीन उधारीवर घेतलेली होती. पंथाच्या वतीने झालेले बहुतेक मोठे व्यवहार पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या व्यक्तिगत नावावर अथवा त्यांच्या व्यक्तिगत जबाबदारीवर झाले. त्यामुळे कोणती जमीन स्मिथ यांची, कोणती पंथाची आणि कोणती पैसे भरून बसलेल्या रहिवाशाची, हा प्रश्न आरंभापासूनच धूसर राहिला. १८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाल्यावर तो उघड्यावर आला आणि १८५२ पर्यंत न्यायालयात रेंगाळला. अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील वसाहतींच्या इतिहासात नॉव्हूच्या जमीन व्यवहारांचा अभ्यास स्वतंत्रपणे केला जातो.

पार्श्वभूमी

पंथाच्या पहिल्या दशकात जमिनीविषयीची कल्पना वेगळी होती. फेब्रुवारी १८३१ मध्ये स्मिथ यांनी 'समर्पणाचा नियम' जाहीर केला. त्यानुसार अनुयायाने आपली मालमत्ता बिशपकडे सुपूर्त करावयाची आणि त्यातून गरजेपुरती जमीन व साधने 'कारभारी' या नात्याने परत घ्यावयाची होती. मिसूरीतील जॅक्सन काउंटीत बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांनी यासाठी छापील दस्त तयार केले होते. त्यांत जमीन भाडेपट्ट्याने आणि अवजारे, जनावरे उसनवारीने दिली जात. पंथ सोडणाऱ्याला आपली जमीन परत मागता येत नसे. ही व्यवस्था कायद्याच्या कसोटीला उतरेना, तेव्हा १८३३ मध्ये धोरण बदलून कारभाऱ्याला त्याचा वाटा पूर्ण मालकीहक्काने लिहून देण्याचे ठरले. परंतु त्याच वर्षी स्थानिक रहिवाशांनी मॉर्मन लोकांना जॅक्सन काउंटीबाहेर घालवले आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

ओहायो राज्यातील कर्टलंड येथे, पंथाच्या दुसऱ्या केंद्रात, १८३३ मध्ये पीटर फ्रेंच यांचे सुमारे १०३ एकरांचे शेत ५,००० डॉलरना घेण्यात आले. पुढे तेथील मंदिराची उभारणी, जमिनीची सट्टेबाजी आणि १८३७ ची आर्थिक मंदी यांत पंथ कर्जात बुडाला. मिसूरीच्या उत्तर भागातील वसाहती ऑक्टोबर १८३८ मध्ये गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांच्या हद्दपारीच्या आदेशाने संपुष्टात आल्या. तेथील अनेकांकडून सशस्त्र पहाऱ्यात जमिनीचे दस्त लिहून घेण्यात आले. १८३९ च्या हिवाळ्यात मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये आलेल्या हजारो लोकांजवळ जमीन नव्हती आणि रोख पैसाही जवळजवळ नव्हता. नॉव्हूची खरेदी उधारीवर का झाली, याचे उत्तर या परिस्थितीत आहे.

प्रदेशाची पूर्वस्थिती

हॅनकॉक काउंटी ही इलिनॉयमधील 'लष्करी पट्ट्या'त मोडत होती. १८१२ च्या युद्धातील शिपायांना प्रत्येकी १६० एकर जमीन इनाम देण्यासाठी संघीय सरकारने हा पट्टा राखून ठेवला होता. बहुतेक शिपाई तेथे कधी गेलेच नाहीत. त्यांनी आपले हक्क पूर्वेकडील दलालांना विकून टाकले. कर थकल्यामुळे बऱ्याच जमिनी लिलावात गेल्या. परिणामी एकाच जमिनीवर मूळ इनामदाराचा वारस, दलाल आणि कराच्या लिलावात जमीन घेणारा असे दोन-तीन दावेदार उभे राहत. सरकारी जमिनीचा दर त्या काळी एकरी सव्वा डॉलर होता, परंतु नदीकाठच्या मोक्याच्या जागा केव्हाच खासगी हातांत गेल्या होत्या. पुढे जेथे नॉव्हू उभे राहिले, त्या जागी 'कॉमर्स' व 'कॉमर्स सिटी' या नावांची कागदावरची दोन गावे आधीच आखलेली होती. १८३७ च्या मंदीत ती विकली गेली नाहीत आणि त्यांचे मालक गिऱ्हाइकाच्या शोधात होते.

१८३९ ची खरेदी

व्हाइट व गॅलंड यांच्या जमिनी

पहिले व्यवहार एप्रिल १८३९ च्या अखेरीस झाले. ह्यू व्हाइट यांचे सुमारे १३५ एकरांचे शेत ५,००० डॉलरना आणि त्याच्या पश्चिमेस असलेली आयझॅक गॅलंड यांची सुमारे ४७ एकर जमीन ९,००० डॉलरना ठरली. दोन्ही जमिनी पंथाच्या समितीच्या वतीने एकाच विश्वासू सदस्याच्या नावे करण्याचा बेत होता. तथापि पंथातील ज्येष्ठ नेते सिडनी रिग्डन यांनी समितीचे नियंत्रण मान्य केले नाही, म्हणून गॅलंड यांची जमीन रिग्डन यांच्या जावयाच्या नावे झाली. पंथाने पैसे चुकते केल्यावर त्याने ती पंथाला लिहून द्यावी, अशी समजूत होती. सामुदायिक जमीन एका व्यक्तीच्या नावे ठेवायची आणि बाकीचे विश्वासावर सोडायचे, ही पद्धत अशा रीतीने पहिल्याच खरेदीत दिसते.

हॉचकिस खरेदी

शहराचा मुख्य भाग ज्या जमिनीवर वसला ती १२ ऑगस्ट १८३९ रोजी कनेक्टिकट राज्यातील होरेस हॉचकिस, जॉन जिलेट व स्मिथ टटल या तीन गुंतवणूकदारांकडून घेण्यात आली. सुमारे ४०० एकरांच्या या जमिनीसाठी प्रत्येकी २५,००० डॉलरच्या दोन मुख्य वचनचिठ्ठ्या देण्यात आल्या. त्यांची मुदत अनुक्रमे दहा व वीस वर्षे होती. व्याज वर्षाला ३,००० डॉलर होते आणि त्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. व्याजासह एकूण बोजा एक लाख डॉलरच्या वर जात होता. मुद्दलाचाच हिशेब केला तरी एकरी सव्वाशे डॉलर पडत होते, म्हणजे सरकारी दराच्या शंभर पट. हातात एक पैसाही न देता जमीन ताब्यात मिळाली हाच या सौद्याचा एकमेव लाभ होता आणि त्या क्षणी निर्वासितांना तेवढाच लाभ महत्त्वाचा वाटला, हे समजण्याजोगे आहे.

या व्यवहारातील दोन बाबी पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ ठरल्या. पहिली अशी की, वचनचिठ्ठ्यांवर जोसेफ स्मिथ, त्यांचे बंधू हायरम स्मिथ आणि सिडनी रिग्डन यांनी व्यक्तिशः सह्या केल्या. पंथ ही तेव्हा इलिनॉयच्या कायद्यात नोंदलेली संस्था नव्हती, त्यामुळे कर्जदार म्हणून तिला उभे करता येत नव्हते. दुसरी बाब म्हणजे विक्रेत्यांनी खरेदीखत दिले नाही. त्यांनी दिले ते बंधपत्र. पूर्ण रक्कम मिळाल्यावर खरेदीखत करून देऊ, असे वचन त्यात होते. महाराष्ट्रातील व्यवहारात ज्याला साठेखत म्हणतात त्याच्याशी हा दस्त पुष्कळसा मिळताजुळता आहे. जमिनीचा ताबा पंथाकडे आला, कायदेशीर मालकी मात्र कनेक्टिकटमध्येच राहिली.

पहिल्या पाच वर्षांत व्याजाचा तगादा लावणार नाही, असे विक्रेत्यांनी तोंडी कबूल केले होते, असा स्मिथ यांचा दावा होता. १८४१ च्या उन्हाळ्यात हॉचकिस यांनी व्याजाची मागणी केली तेव्हा स्मिथ यांनी रागाने उत्तर पाठवून या तोंडी कराराचे स्मरण दिले आणि रोगट दलदलीची जागा आपल्या लोकांनी राहण्याजोगी केली, हेही ऐकवले. दस्तात मात्र त्या सवलतीचा उल्लेख नव्हता. अखेर पूर्वेकडील राज्यांत शेते असणाऱ्या अनुयायांनी ती हॉचकिस व त्यांच्या भागीदारांच्या नावे करावीत आणि त्या मोबदल्यात नॉव्हूत भूखंड घ्यावेत, असा मार्ग काढण्यात आला. या कामासाठी १८४१ मध्ये हायरम स्मिथ व आयझॅक गॅलंड यांना पूर्वेकडे पाठवले गेले. हायरम लवकरच परतले. गॅलंड यांनी गोळा केलेल्या मालमत्तेचा समाधानकारक हिशेब दिला नाही आणि त्यांना दिलेले अधिकार काढून घेण्यात आले. या योजनेत भाग घेणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती विचार करण्यासारखी आहे. न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियातील आपले निर्वेध शेत देऊन त्याच्या हाती येत होता तो अजून फेडायच्या असलेल्या जमिनीचा तुकडा.

आयोवातील जमीन

नदीच्या पलीकडे आयोवा प्रदेशात गॅलंड यांच्याकडूनच सुमारे २०,००० एकर जमीन घेण्यात आली. दर एकरी दोन डॉलरच्या आसपास आणि मुदत वीस वर्षांची होती. ही जमीन 'मिश्रवंशीय पट्ट्या'त होती. १८२४ च्या तहाने सॉक व फॉक्स जमातींच्या मिश्र वंशाच्या संततीसाठी सुमारे १,१९,००० एकरांचा हा पट्टा राखला गेला होता. १८३४ मध्ये काँग्रेसने त्यावरील सरकारचा उरलेला हक्क सोडून दिल्यावर दलालांनी मूळ हक्कदारांचे हिस्से मिळेल त्या किमतीला घेण्याचा सपाटा लावला. कोण हक्कदार आणि कोणाचा हिस्सा किती, याची यादी मात्र कोणाजवळच नव्हती. १८४१ च्या न्यायालयीन वाटणीत पट्टा १०१ हिश्श्यांत विभागला गेला. गॅलंड यांनी विकलेले हक्क टिकले नाहीत आणि झाराहेम्ला या वसाहतीसह तेथील मॉर्मन वस्त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. घरे बांधून, शेते नांगरून बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना नदी ओलांडून नॉव्हूत यावे लागले. मूळ हक्कदार असलेल्या मिश्रवंशीय कुटुंबांना या साऱ्या उलाढालीतून फारच थोडे मिळाले, ही बाब मॉर्मन इतिहासावरील लेखनात बहुधा ओझरतीच येते.

नगररचना व भूखंडांची विक्री

१८३९ च्या उन्हाळ्याअखेरीस नॉव्हूचा नकाशा काउंटीच्या दफ्तरी दाखल झाला. शहर चौकोनी गटांत विभागलेले होते आणि प्रत्येक गटात चार भूखंड होते. एक भूखंड साधारण १९८ फूट लांब व १८१ फूट रुंद, म्हणजे एक एकराहून किंचित कमी होता. रस्ते सुमारे ५० फूट रुंद, मुख्य रस्ता त्याहून बराच मोठा होता. प्रत्येक कुटुंबाला घर, भाजीपाल्याची बाग, गोठा आणि विहीर यांना पुरेल एवढी जागा असावी, अशी कल्पना होती. लोकसंख्या वाढली तसे भूखंडांचे अर्धे व चौथे हिस्से विकले जाऊ लागले. १८४५ च्या राज्य जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ हजारांवर होती.

ऑक्टोबर १८३९ मध्ये पंथाच्या उच्च परिषदेने जोसेफ स्मिथ यांना कोषाध्यक्ष नेमून भूखंडांच्या किमती ठरवण्याचा अधिकार दिला. सरासरी किंमत ५०० डॉलर असावी, ती २०० पेक्षा कमी व ८०० पेक्षा अधिक नसावी, असे सूत्र होते. ज्यांनी मिसूरीत सर्वस्व गमावले होते अशा विधवांना व निर्धनांना काही भूखंड विनामूल्य वा नाममात्र किमतीत देण्यात आले. त्यांची किंमत अर्थातच इतरांकडून वसूल व्हावयाची होती. एकाच जमिनीने हॉचकिस यांचे व्याज भागवायचे, मंदिराच्या उभारणीला हातभार लावायचा आणि गरिबांना छप्परही द्यायचे, असा हा ताळेबंद होता.

रोख पैसा दुर्मिळ होता. भूखंडाचे मोल घोडे, बैल, गाड्या, कापड, मजुरी, पूर्वेकडील शेते अशा रूपांत चुकवले जाई. मंदिरावर केलेल्या कामाचे दिवस उत्पन्नाचा दशांश म्हणून लिहिले जात. १८४० पासून इंग्लंडमधील गिरणी-शहरांतून येणाऱ्या धर्मांतरितांपैकी काहींजवळ रोख रक्कम असे, म्हणून विक्रेत्यांचा डोळा त्यांच्यावर असे.

शहरातील सर्व जमीन पंथाची नव्हती. मंदिराच्या परिसरातील उंचवट्यावर डॅनियल वेल्स, डेव्हिडसन हिबर्ड यांसारख्या जुन्या जमीनमालकांची शेते होती. वेल्स तेव्हा मॉर्मन नव्हते. त्यांच्या जमिनी कोरड्या, निरोगी आणि स्वच्छ हक्काच्या होत्या. नदीलगतच्या सखल भागात हिवतापाने १८३९ च्या उन्हाळ्यात घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली होती. साहजिकच नवागत वर जमीन घेऊ लागले. पुढे विल्यम लॉ, विल्सन लॉ व रॉबर्ट फॉस्टर या मॉर्मन व्यापाऱ्यांनीही टेकडीवर जमिनी घेऊन बांधकामे सुरू केली. स्मिथ यांना ही स्पर्धा सहन होण्यासारखी नव्हती, कारण सखल भागातील भूखंड विकले गेले नाहीत तर कर्जाचे हप्ते थांबणार होते. एप्रिल १८४३ मध्ये इंग्लंडहून आलेल्या प्रवाशांसमोर बोलताना त्यांनी जमीन पंथाकडूनच घ्यावी, असा आग्रह धरला. श्रद्धा आणि सौदा यांची अशी सरमिसळ झाल्याने दुरावा वाढला. लॉ बंधू, फॉस्टर व इतरांनी जून १८४४ मध्ये 'नॉव्हू एक्स्पॉझिटर' हे वृत्तपत्र काढले. त्यातील मुख्य आरोप बहुपत्नीत्व आणि सत्तेचे केंद्रीकरण यांविषयी असले, तरी नवागतांना चढ्या भावाने जमिनी विकल्याची तक्रारही त्यांत होती.

दस्त व त्यांची नोंदणी

सामान्य खरेदीदाराचा व्यवहार साधारणपणे असा होई. तो किमतीचा काही भाग देई आणि उरलेल्या रकमेच्या वचनचिठ्ठ्या लिहून देई. त्याला बंधपत्र मिळे. हप्ते फिटले की खरेदीखत व्हावयाचे. ज्या जमिनीचे मूळ खरेदीखत खुद्द पंथालाच मिळालेले नव्हते, तिच्याबाबत हे साठेखतावरचे साठेखत होते. बंधपत्र हस्तांतरणीय असल्याने ते पाठीमागे सही करून दुसऱ्याला विकले जाई, त्यावर कर्ज काढले जाई आणि क्वचित एकाच भूखंडाची बंधपत्रे दोघांजवळ निघत.

दस्त नोंदवण्याचे अधिकृत ठिकाण म्हणजे कार्थेज येथील काउंटी निबंधकाचे कार्यालय. ते नॉव्हूपासून अर्ध्या-पाऊण दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर होते आणि गावात मॉर्मनविरोधी वातावरण तापत चालले होते. डिसेंबर १८४० मध्ये मिळालेल्या व्यापक नगरसनदेचा आधार घेऊन नॉव्हूच्या नगरपरिषदेने मार्च १८४२ मध्ये स्वतःचे दस्तनोंदणी कार्यालय स्थापन केले आणि निबंधक म्हणून जोसेफ स्मिथ यांचीच निवड केली. विकणारा, विश्वस्त आणि नोंद करणारा एकच माणूस असा हा योग होता. रहिवाशांची सोय झाली हे खरे, परंतु त्यामुळे काही दस्त फक्त नॉव्हूत, काही फक्त कार्थेजला, काही दोन्हीकडे आणि पुष्कळ कोठेच नोंदले गेले नाहीत. जानेवारी १८४५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने नगरसनद रद्द केली, तेव्हा केवळ शहराच्या दफ्तरी नोंदलेल्या दस्तांचे स्थान डळमळीत झाले.

विश्वस्तपद आणि १८४२ ची नादारी

इलिनॉयच्या १८३५ च्या कायद्यानुसार धार्मिक संस्थांना विश्वस्तांमार्फत मालमत्ता धारण करता येत असे. ३० जानेवारी १८४१ रोजी नॉव्हूतील सभेने जोसेफ स्मिथ यांना पंथाचे एकमेव विश्वस्त म्हणून निवडले. मात्र हा कायदा प्रार्थनास्थळ व दफनभूमी यांसारख्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता आणि संस्थेला अवघ्या काही एकरांपुरतीच जमीन बाळगण्याची मुभा देत होता. अख्खे शहर धारण करणारा विश्वस्त त्याला अभिप्रेत नव्हता. या मर्यादेकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. दहा वर्षांनी तिनेच निर्णायक घाव घातला.

ऑक्टोबर १८४१ ची तारीख असलेल्या एका दस्ताने जोसेफ व त्यांच्या पत्नी एमा यांनी २०० हून अधिक भूखंड विश्वस्त जोसेफ स्मिथ यांच्या नावे केले. काउंटीच्या दफ्तरी त्याची नोंद एप्रिल १८४२ मध्ये झाली. नव्या संघीय नादारी कायद्याचा लाभ घेण्यासाठी स्मिथ यांनी १८ एप्रिल १८४२ रोजी अर्ज केला, त्याच सुमारास ही नोंद झाल्याने संशयाला जागा मिळाली. पंथातून बाहेर पडलेले माजी महापौर जॉन बेनेट यांनी त्याच उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून जाहीर आरोप केला की, धनकोंना चुकवण्यासाठी मालमत्ता पत्नी, मुले व विश्वस्त यांच्या नावे फिरवण्यात आली आणि दस्तावर मागील तारीख घालण्यात आली. संघीय सरकारचे वकील जस्टिन बटरफील्ड यांनी याच आधारावर स्मिथ यांच्या अर्जाला हरकत घेतली. सरकार स्वतः धनको होते. सप्टेंबर १८४० मध्ये स्मिथ व इतर काहींनी सरकारकडून एक जुनी आगबोट ४,८६६ डॉलरच्या वचनचिठ्ठीवर घेतली होती. सरकारच्या वतीने हा व्यवहार करणारे लष्करी अधिकारी पुढे यादवी युद्धात प्रसिद्धी पावलेले रॉबर्ट ई. ली हे होते. 'नॉव्हू' असे नाव दिलेली ती बोट काही आठवड्यांतच खडकावर आदळून निकामी झाली, रक्कम थकली आणि जून १८४२ मध्ये स्मिथ यांच्याविरुद्ध ५,२१२ डॉलरचा हुकूमनामा झाला. हायरम यांना नादारीतून मुक्तता मिळाली. जोसेफ यांच्या अर्जाचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही.

हे हस्तांतरण लबाडीचे होते का, यावर अभ्यासकांत मतभेद राहिले. विधिज्ञ डॅलिन ओक्स व जोसेफ बेंटली यांनी १९७६ मध्ये कागदपत्रांच्या आधारे मांडलेला निष्कर्ष स्मिथ यांच्या बाजूने जातो. त्यांच्या मते पंथाची जमीन पंथाच्या नावे करण्याचा निर्णय नादारीचा विचार सुरू होण्यापूर्वीच झाला होता. ओक्स हे पुढे पंथाच्या सर्वोच्च नेतृत्वात गेले, हे ध्यानात ठेवूनही त्यांचे कागदोपत्री काम दुर्लक्षिण्याजोगे नाही. दस्त खरा धरला, तरी जमीन आणि तिचे कर्ज या दोन गोष्टींची फारकत झाली, हे उरतेच. जमीन विश्वस्ताकडे गेली आणि वचनचिठ्ठ्या व्यक्तीकडे राहिल्या.

स्त्रियांचे हक्क

त्या काळच्या इलिनॉयमध्ये विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने पतीच्या नियंत्रणाखाली असे. मात्र पतीच्या जमिनीवर विधवेला 'डावर' नावाचा आजीव हक्क मिळे व तो पतीला एकट्याने विकता येत नसे. म्हणून खरेदीखतावर पत्नीची सही घेत. ती दबावाखाली सही करीत नाही ना, हे अधिकारी तिला पतीपासून दूर घेऊन विचारत असे. नॉव्हूच्या शेकडो दस्तांत अशा नोंदी आढळतात. अविवाहित स्त्रिया व विधवा यांना स्वतःच्या नावे जमीन घेता येत असे आणि तशी उदाहरणे आहेत.

एमा स्मिथ यांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक होता. जुलै १८४३ मध्ये, बहुपत्नीत्वावरून पती-पत्नींत तीव्र मतभेद झाले असताना, जोसेफ यांनी बोजा नसलेले भूखंड एमा व मुलांच्या नावे करण्यास आपले लेखनिक विल्यम क्लेटन यांना सांगितले. क्लेटन यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे.

स्मिथ यांच्या मृत्यूनंतर

२७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ व हायरम यांची हत्या केली. जोसेफ यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्यावरील कर्ज अंदाजे ७०,००० डॉलर होते. विश्वस्ताची जागा ऑगस्टमध्ये न्यूएल व्हिटनी व जॉर्ज मिलर यांना मिळाली. खासगी मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी न्यायालयाने आधी एमा यांना नेमले आणि नंतर ते काम दुसऱ्याकडे सोपवले. पंथाची धुरा ब्रिगहम यंग यांच्याकडे गेली होती. कोणता भूखंड विश्वस्ताचा व कोणता कुटुंबाचा यावरून एमा आणि नवे नेतृत्व यांच्यात कायमची तेढ निर्माण झाली. पंथाच्या दृष्टीने ती जमीन अनुयायांच्या दशांशातून आणि घामातून आलेली होती. एमा यांच्या दृष्टीने कर्जाच्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या पतीची सही होती आणि पदरात पाच मुले होती, त्यांतील सर्वांत धाकटा पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला दस्तांचा आधार सापडतो, कारण दस्तच दोन्ही प्रकारचे होते.

स्थलांतर व विक्री

१८४५ च्या शरद ऋतूत परिसरातील मॉर्मन शेतवाड्या जाळल्या गेल्यावर पंथाने पुढील वसंतात शहर सोडण्याचे कबूल केले. संपूर्ण शहर एकदम विक्रीस निघाले. मंदिरासह सर्व मालमत्ता कॅथलिक चर्चला देण्याची बोलणी झाली, ती फिसकटली. पहिल्या तांड्यांनी फेब्रुवारी १८४६ मध्ये नदी ओलांडली. मागे ऑल्मन बॅबिट, जोसेफ हेवूड व जॉन फुलमर या तीन विश्वस्तांना ठेवण्यात आले. जाणाऱ्यांनी त्यांना किंवा शेजाऱ्यांना मुखत्यारपत्रे लिहून दिली. विकत घेणाऱ्यांना ठाऊक होते की विकणाऱ्याला जावेच लागणार आहे. विटांची घरे बैलजोडी व गाडीच्या बदल्यात गेली, पुष्कळ घरे विकलीच गेली नाहीत. सप्टेंबर १८४६ मधील चकमकीनंतर उरलेल्या कुटुंबांना, ज्यांत आजारी व निर्धनच अधिक होते, शहर सोडावे लागले. ओस पडलेल्या भूखंडांचे कर थकले व ते लिलावात गेले. हॉचकिस यांच्या मुद्दलाच्या पहिल्या चिठ्ठीची मुदत १८४९ मध्ये होती. तोपर्यंत ती फेडण्यासाठी नॉव्हूत कोणी उरलेच नव्हते.

मंदिराला ऑक्टोबर १८४८ मध्ये आग लावली गेली. त्याचे अवशेष १८४९ मध्ये एत्येन काबे यांच्या इकेरियन समाजाने घेतले. खासगी मालमत्ता न मानणाऱ्या या फ्रेंच वसाहतकऱ्यांना ही जागा खासगी खरेदीखतानेच मिळाली. मे १८५० च्या वादळात मंदिराच्या भिंती कोसळल्या.

संघीय सरकारचा दावा

आगबोटीच्या थकबाकीसाठी सरकारने १८५० मध्ये संघीय न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींत एमा, त्यांची मुले आणि मधल्या काळात जमिनी घेतलेले अनेक रहिवासी होते. न्यायालयाने हस्तांतरणात कपट असल्याचा निष्कर्ष काढला नाही. निकालाचा आधार वेगळा होता. धार्मिक संस्थेला कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जमीन धारण करता येत नाही, म्हणून विश्वस्ताच्या नावे झालेले जादा हस्तांतरण निष्फळ ठरले. ती जमीन कायद्याच्या दृष्टीने जोसेफ स्मिथ यांचीच राहिली होती आणि १८४२ च्या हुकूमनाम्याचा बोजा तिच्यावर कायम होता. १८५१-५२ मध्ये भूखंडांचा लिलाव होऊन ११ हजार डॉलरहून अधिक रक्कम आली. सरकारची वसुली झाली. एमा यांना डावर हक्कापोटी सुमारे एक षष्ठांश, म्हणजे १,८०० डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. विश्वस्तांकडून मोल देऊन, खरेदीखत घेऊन बसलेल्यांची जमीन मात्र त्यांच्या कोणत्याही दोषाशिवाय लिलावाच्या यादीत आली.

नंतरचा काळ

एमा यांनी डिसेंबर १८४७ मध्ये लुईस बिडामन यांच्याशी विवाह केला आणि १८७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नॉव्हूतच राहिल्या. स्मिथ कुटुंबाची घरे पुढे त्यांचे पुत्र जोसेफ स्मिथ तिसरे यांच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये संघटित झालेल्या पुनर्रचित पंथाकडे गेली. हाच पंथ आता 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' या नावाने ओळखला जातो. युटास्थित मुख्य पंथाने १९३७ मध्ये मंदिराच्या जागेचा भाग परत घेण्यास सुरुवात केली, १९६२ मध्ये जुने शहर जतन करण्यासाठी संस्था स्थापन केली आणि जून २००२ मध्ये पुन्हा उभारलेल्या मंदिराचे लोकार्पण केले. ५ मार्च २०२४ रोजी कम्युनिटी ऑफ क्राइस्टने नॉव्हूतील जोसेफ व एमा यांची घरे, विटांचे दुकान आणि कर्टलंडचे मंदिर काही हस्तलिखितांसह १९.२५ कोटी डॉलरना मुख्य पंथाला विकले.

अभ्यासाची साधने

कार्थेज येथील काउंटीची दस्तपुस्तके, नॉव्हूच्या नोंदणी कार्यालयाची पुस्तके, विश्वस्तांची खातेपुस्तके व कर आकारणीच्या याद्या ही मुख्य साधने होत. इतिहासकार रॉबर्ट फ्लँडर्स यांनी १९६५ मध्ये प्रकाशित केलेल्या नॉव्हूविषयक ग्रंथात शहराच्या अर्थकारणाला प्रथमच मध्यवर्ती स्थान दिले. सुझन ईस्टन ब्लॅक, हार्वी ब्लॅक व ब्रँडन प्लीव यांनी १८३९ ते १८५९ या काळातील व्यवहारांचे संकलन २००६ मध्ये सात खंडांत प्रसिद्ध केले. न नोंदलेली बंधपत्रे मात्र या संकलनांत क्वचितच येतात आणि गरीब खरेदीदारांच्या हाती बहुधा तेवढेच कागद असत.